वर्ना ड्रायलिंगची लहान मूठ

वर्ना ड्रायलिंगचं नाव काढलं की आमच्या पेल्टन काउंटीत लोक आधी तिच्या उंचीवर घसरतात. मला याचा भयंकर राग येतो. माणूस काय वितीने मोजायचं असतं? पण खरं ते खरं, वर्ना बुटकीच. जेलच्या कोठीतला वरच्या फळीवरचा पिठाचा डबा काढायला ती बादली पालथी घालून वर चढायची आणि कुणी हसलं की तो डबा त्याच्याच हातात ठेवून म्हणायची, "हसून झालं असेल तर आत नेऊन ठेव."

मी नॅडीन. शेरीफच्या कचेरीत फोन आणि वायरलेस सांभाळते. माझ्या टेबलाच्या मागच्या दारातून जेल सुरू होतं, आणि त्या दारापलीकडे वर्ना कित्येक वर्षं कैद्यांवर लक्ष ठेवायची, त्यांना जेवण द्यायची, भांडणं सोडवायची. कमरेला पिस्तूल नाही, नुसत्या किल्ल्या. काम चोख. पण तिचं मन तिथे नव्हतं. तिला गाडीवरची डेप्युटी व्हायचं होतं, आणि तेही नदीपलीकडच्या पूर्व भागाची.

का, ते मला कुणी सांगायला नको. आमचे झाडून सगळे डेप्युटी गावात राहतात. पूर्वेकडून फोन आला की गाडी पोचेपर्यंत तास जातो, आणि तो तास फोनवर मी असते. "येताहेत हं, निघालेत हं, दार लावून घे," असं म्हणत राहायचं. पलीकडे कुणीतरी रडत असतं, कधी कधी रडायचंही थांबतं. तो तास काय असतो ते या खुर्चीत बसल्याशिवाय कळायचं नाही. वर्ना नदीपलीकडेच, बापाच्या शेतावर एकटी राहायची. "माझ्या अंगणात गाडी उभी असेल तर निम्म्या घरांपर्यंत मी चहाचं पाणी उकळायच्या आत पोचेन," असं ती म्हणायची. चहा ती कधीच पीत नाही, कॉफीच पिते, पण मुद्दा बरोबर होता.

अडचण एकच होती. मागच्या शरद ऋतूत ती नेमबाजीच्या परीक्षेत नापास झाली. शेरीफचा नियम होता, संधी दोनच. दुसऱ्यांदा गेलं की पेन्शन होईपर्यंत जेलच्या किल्ल्या. तेव्हा तिला कचेरीतलं जुनं पिस्तूल दिलं होतं. ते तिच्या हातात विटेसारखं बसायचं. चापापर्यंत बोट नेताना सगळा पंजा फिरायचा आणि गोळी भलतीकडे जायची. हे तिने सांगितलं तर आमचा लायल वायगल, सगळ्यांत जुना डेप्युटी, सगळ्यांदेखत म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं!" आणि सगळे खिदळले.  वर्नाने किल्ल्या उचलल्या आणि जेवण वाढायला गेली.

त्या हिवाळ्यात शेरीफ एमेटने जुनी पिस्तुलं काढून नवी घ्यायचं ठरवलं. एमेट मोजकं बोलणारा, दातात काडी धरून विचार करणारा माणूस. त्याने आर्लोला सांगितलं. आर्लोचं बंदुकांचं दुकान आमच्या चौकातच आहे. आठवडाभरात आर्लो खोकी घेऊन आला आणि त्याने कचेरीतल्या लांब टेबलावर सगळं मांडलं. या पिस्तुलांना मागे घोडा नाही, सगळी यंत्रणा पोटात. चाप ओढला की आतला स्ट्रायकर, म्हणजे ठोकणारा खिळा, सुटतो आणि गोळी जाते. प्रत्येक वेळी चापाचा जोर सारखा.

"आणि खरी गंमत पुढे आहे," आर्लो म्हणाला. त्याने एक पिस्तूल घेतलं, रिकामं असल्याची दोनदा खात्री केली, खटका फिरवला आणि बघता बघता ते सोलून ठेवलं. वरची नळी वेगळी, खालची मूठ वेगळी, आणि मधून एक छोटा पोलादी सांगाडा निघाला. "मूठ तीन मापांत मिळते. लहान, मधली, मोठी. ज्याच्या हाताला जी बसेल ती घाला. पिस्तूलही दोन प्रकारचं आहे, पूर्ण लांबीचं आणि आखूड. ज्याने त्याने आपलं निवडा."

आता खरं तर हे किती शहाणपणाचं! बूट घेताना माणूस पाय मोजतो की नाही? पण आमचे पुरुष! लायल पुढे झाला, हात पुढे केला आणि म्हणाला, "मोठी." लायल अंगाने रेडा आहे, पण बोटं बघाल तर आखूड आणि गुबगुबीत. बाळाची असावीत तशी. तरी "मोठी". मग त्याच्यामागचा पोरगेला डेप्युटी काय मधली मागतोय? तोही "मोठी". तिसरा "मोठी". आर्लो सांगत होता, "अरे बाबांनो, घालून तर बघा आधी," पण तो पालथ्या घड्यावर पाणी ओतत होता. लहान मुठी सगळ्या खोक्यातच राहिल्या. त्यांच्याकडे बघणंही यांना कमीपणाचं वाटत होतं.

वर्ना मागे उभी होती. परीक्षा द्यायची म्हणून तिलाही एक मिळणार होतं. तिची पाळी आली तेव्हा लायलनेच आखूड पिस्तूल उचलून तिच्यापुढे सरकवलं. "हे घे. छोटा हात, छोटं पिस्तूल. नाकापेक्षा मोती जड नको."

सगळ्यांनी माना डोलावल्या. चेष्टा नव्हती बरं का, त्यांना ते मनापासून पटलेलं होतं. बायकांना लहान पिस्तूल द्यायचं, ही आमच्याकडची पिढीजात समजूत. बापाने पोरीला, नवऱ्याने बायकोला, दुकानदाराने गिऱ्हाइकाला. एमेटनेही काडी या गालातून त्या गालात सरकवत म्हटलं, "हलकं आहे, वर्ना. सोपं जाईल."

"हलकं आहे म्हणूनच सोपं जाणार नाही, साहेब," वर्ना म्हणाली. "हलकं जास्त उसळतं. दोन्ही झाडून बघते, मग सांगते."

आर्लोच्या दुकानामागे नेम धरायची जागा आहे. वर्ना गेली, मी तिच्याबरोबर गेले, माझी पाळी संपलीच होती. आखूड पिस्तुलाने पहिलीच गोळी झाडली तर ते हातात असं उडालं की तिच्या टोपीची कड वर झाली. दुसरी, तिसरी, तेच. मग पूर्ण लांबीचं घेतलं, मधली मूठ घालून. उसळणं कमी झालं, पण पंजा परत फिरला. तिने पिस्तूल खाली ठेवलं, हात झटकला आणि म्हणाली, "आर्लो, मोठं पिस्तूल आणि लहान मूठ. जमतं ना एकत्र?"

आर्लोने कपाळावर हात मारला. "अगं, त्यासाठीच तर बनवलंय ते! सकाळपासून मी काय पोवाडा गात होतो?"

लहान मूठ बसवली. वर्नाने हात लावला आणि तिचा चेहरा मी बघितला. अंधारात जिन्याची पायरी बरोबर पायाखाली आल्यावर होतो ना, तसा. बोट सरळ चापावर गेलं. मनगट सरळ, कोपर सरळ. तिने सावकाश सगळ्या गोळ्या संपवल्या. कागदावरची भोकं एका बशीत मावतील इतकी जवळ.

"हेच," ती म्हणाली. बस, एवढंच.

दुसऱ्या दिवशी कचेरीत नुसता बाजार भरला. "बायकी मूठ" काय, "खेळण्यातली" काय. लायल म्हणाला, "वर्ना, त्याला रिबीनही लावून देऊ का?"

"लाव की," वर्ना म्हणाली. "पण आधी तुझ्या मोठ्या मुठीने कागदाच्या मधोमध एक तरी भोक पाड."

"परीक्षेत बघू."

"बघूच. घोडामैदान जवळच आहे."

एमेटने तिला एकदा कॉफी पिता पिता विचारलं, मी ऐकत होते. "तुला एवढं काय पडलंय त्या मुठीचं? सवयीने काहीही जमतं."

"साहेब, जेलमध्ये मी काय करते? बोलते. कुणी भिंतीवर डोकं आपटत असला, कुणी दुसऱ्याच्या अंगावर धावून जात असला, तरी बोलूनच थांबवते. उद्या रस्त्यावरही मला बोलायचंच आहे. हात पिस्तुलाशी झगडत बसला तर सगळं ध्यान तिथे जातं, तोंडातून धड शब्द निघत नाही. मला असं पिस्तूल हवंय की हातात असून मला त्याच्याकडे बघायची पाळी येऊ नये."

एमेट कॉफीत बघत राहिला. मग "हं" म्हणाला. एमेटच्या बाबतीत तेही पुष्कळ.

त्या हिवाळ्यात वर्नाने जी मेहनत केली ती मी डोळ्यांनी बघितली आहे, म्हणून सांगते. जेलची पाळी संपली की घरी जायचं, गोळ्या दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवायच्या, रिकामं पिस्तूल घेऊन स्वयंपाकघराच्या भिंतीसमोर उभं राहायचं. नळीच्या टोकावर एक नाणं ठेवायचं आणि चाप असा ओढायचा की नाणं पडता कामा नये. बाहेर बर्फ, वारा, आणि ही बाई भिंतीकडे बघत चाप ओढतेय. एकदा मी बीरॉक, म्हणजे खिमा-कोबी भरलेले पाव, घेऊन गेले तर म्हणाली, "ठेव तिथे, एवढं नाणं होऊ दे." मी कोट काढून बसले. बीरॉक गार झाले. मला इतकी चीड आली!

"अगं, खाऊन कर ना! पळून जाणारेय का भिंत?"

"नॅडीन, या वेळी गेलं तर संपलं," ती म्हणाली. हात खाली न घेता म्हणाली. "मग तिकडून फोन आला की तू आयुष्यभर तशीच 'निघालेत हं' म्हणत बसशील, आणि मी दाराआडून ऐकत बसेन. ऐकू येतं मला, माहितेय तुला?"

मला माहीत नव्हतं.  गार बीरॉक आम्ही दोघींनी तव्यावर परत गरम करून खाल्ले.

परीक्षा एप्रिलमध्ये, गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत. आमच्याकडे एप्रिल म्हणजे वारा, डोळ्यांत माती. आमची एक रीत आहे, ज्याचे गुण सगळ्यांत कमी त्याने शनिवारी ॲप्रन बांधून अग्निशमनवाल्यांना पॅनकेक करून घालायचे. त्यामुळे गावातली निम्मी रिकामटेकडी मंडळी बघायला येतात. मीही माझ्या जागी दुसरीला बसवून गेले होते.

वर्ना पुढे झाली, आणि लायलने हात वर केला. "साहेब, एक मिनिट. नियम काय म्हणतो? कचेरीने दिलेलं हत्यार, जसं दिलं तसं. हिने मूठ बदललीय. म्हणजे हत्यारात फेरफार झाला. हिची परीक्षा धरता येणार नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मेल्याने हिवाळाभर हे पोटात ठेवलं होतं! पण त्याहून वाईट म्हणजे एमेटने काडी तोंडातून काढली. एमेट काडी काढतो तेव्हा तो खरोखर विचारात पडलेला असतो. नियम त्यानेच लिहिलेला होता, आणि लिहिला तेव्हा असली पिस्तुलं कुणी बघितलेली नव्हती.

"वर्ना?" तो म्हणाला.

 वर्नाने पिस्तूल रिकामं केलं, एमेटला दाखवलं, त्याच्या गाडीच्या मागच्या फळीवर ठेवून उलगडलं. मूठ बाजूला सारली. आतला पोलादी सांगाडा तळहातावर घेऊन त्याच्यापुढे धरला.

"साहेब, सरकारी कागदावर पिस्तुलाचा जो नंबर आहे तो इथे आहे, या तुकड्यावर. मुठीवर नाही. कायद्याने पिस्तूल म्हणजे हा तुकडा. बाकीचे सगळे त्याचे कपडे. तुम्ही दिलंत ते हेच. मी फक्त याला माझ्या मापाचा सदरा घातला."

एमेटने चष्मा वर करून नंबर वाचला. मग आर्लोकडे बघितलं. आर्लो म्हणाला, "बरोबर बोलतेय ती. आणि लायल, तुझी मोठी मूठही पिस्तुलावर नव्हती हं, खोक्यातून तूच वेगळी काढून घेतलीस. कारखान्यातून मधली येते. मग फेरफार पहिला कुणी केला?"

खाणीत असा हशा पिकला की वाऱ्याचा आवाज ऐकू येईना. लायल लाल झाला. एमेटने काडी परत तोंडात घातली. "जोड, वर्ना. आणि सुरू कर."

मला नेमबाजीतलं फार कळत नाही. एवढं सांगते की ती घाई करत नव्हती. जवळून, लांबून, उजव्या हाताने, मग एकट्या डाव्या हाताने, गुडघ्यावर बसून. मधेच वाऱ्याने कागद फडफडला तर ती थांबली, श्वास घेतला, परत नेम धरला. मी मात्र श्वास घ्यायचा विसरले होते. आर्लोने कागद आणला आणि एमेटने भोकं मोजली. मग दुसऱ्यांदा मोजली. सत्तरला पास, हिचे ब्याऐंशी.

सर्वांत जास्त नव्हते, उगाच का खोटं बोलू. पण लायलपेक्षा पुष्कळ जास्त होते. लायलच्या गोळ्या एकजात खाली डावीकडे गेल्या होत्या. तो शनिवारी ॲप्रन बांधून पॅनकेक उलटत होता तेव्हा वर्ना ताट घेऊन त्याच्यापुढे उभी राहिली. म्हणाली, "लायल, तुझं बोट चापावर पूर्ण पोचत नाही. मधली मूठ घालून बघ. मी कुणाला सांगणार नाही."

"गप्प बस आणि पाक घाल त्याच्यावर," तो म्हणाला. पण तिच्या ताटात पॅनकेक एक जास्त टाकला.

मे महिन्यात पूर्वेकडची गाडी वर्नाच्या अंगणात उभी राहिली.

आणि मग जून. गव्हाची कापणी चाललेली, संध्याकाळ उतरलेली, आकाशात धूळ. फोन वाजला. ट्रिना. कॉर्विन लोगनची बायको, नदीपलीकडे गुरं पोसायच्या गोठ्यांजवळ राहते. कुजबुजत बोलत होती. कॉर्विन पिऊन आलाय, शॉटगन घेऊन अंगणात उभा आहे, मला हाका मारतोय. मी पंपाच्या खोपटात लपलेय. फळ्यांच्या फटीतून दिसतोय.

 माझ्या ओठांवर तेच जुनं वाक्य आलं, आणि मी ते तोंडातच ठेवलं. वायरलेसवर वर्नाला सांगितलं. तिचा आवाज आला, "निघाले." मी ट्रिनाला म्हटलं, "हलू नकोस. वर्ना येतेय."

"कोण वर्ना?"

"आपली वर्ना. तुमच्या पलीकडच्या रस्त्यावरची."

एमेट आणि लायलही गावातून सुटले, पण ते लांब होते. मी एक कान फोनला आणि एक कान वायरलेसला लावून बसले.  तेवढ्यात ट्रिना म्हणाली, "गाडी आली."

मी घड्याळाकडे बघितलं आणि विश्वास बसेना.

"काय करतेय ती?"

"उतरली. गाडीच्या दारामागे उभी आहे. पिस्तूल काढलंय."

"आणि तो?"

"तिच्याकडे वळला. बंदूक आहे हातात. खाली आहे, पण आहे. नॅडीन, मला भीती वाटतेय."

"मलाही वाटतेय, पोरी. ती काय करतेय?"

 फोनमधून वारा येत होता, आणि वाऱ्यातून एक बाईचा आवाज, शांत, सावकाश. शब्द कळत नव्हते.

"बोलतेय," ट्रिना म्हणाली. "नुसती बोलतेय त्याच्याशी. काहीतरी विचारतेय... तो ओरडला. ती परत विचारतेय. पिस्तूल तसंच धरलंय, पण तिकडे बघतच नाहीये, कॉर्विनच्या तोंडाकडे बघतेय. नॅडीन, तो तिला ओळखतो गं. मिस वर्ना म्हणाला. जेलमधली ना ती?"

"तीच."

"तो रडायला लागलाय."

मी डोळे मिटले. पुढे किती वेळ गेला देव जाणे.

"ठेवली," ट्रिना म्हणाली. "खाली ठेवली त्याने. मागे सरकला. गुडघ्यावर बसला. ती पुढे येतेय. अगं बाई, ठेवली त्याने!"

आणि तिथे, सरकारी खुर्चीत, हेडफोन लावून मी ढसाढसा रडले. लाज नाही वाटत सांगायला. इतक्या वर्षांत त्या बाजूच्या फोनवर मी पहिल्यांदा आनंदाने रडत होते.

जरा वेळाने वायरलेसवर वर्ना आली. आवाज थोडा कापत होता, आता कुठे कापायला लागला होता.

"नॅडीन, एक ताब्यात. कुणाला काही लागलेलं नाही. साहेबांना सांग, सावकाश या, घाई नको."

"सांगते," मी नाक पुसत म्हटलं. "तू ठीक आहेस ना?"

"ठीक आहे. आणि एक, जेलमध्ये सकाळच्या पाळीला सांगून ठेव. याला नाश्त्याला अंडी देऊ नका. अंगभर गांधी उठतात बिचाऱ्याच्या."